गावच्या टीव्हीला पैसा कुठून आणायचा? (अमेरिकेतली पब्लिक ॲक्सेस केंद्रं)

खारीचा वाटा

मी मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनजवळच्या एका गावात राहते. इथल्या पब्लिक ॲक्सेस टीव्ही केंद्राच्या संचालक मंडळावर आहे, काम बिनपगारी. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक करायला बसलो तर केबल कंपनीकडून येणारी रक्कम यंदाही खाली आलेली. आता एक पगारी माणूस कमी करायचा की स्टुडिओ आठवड्यातले काही दिवस बंद ठेवायचा, एवढंच ठरवायचं राहिलंय. गावोगावच्या केंद्रांची थोड्याफार फरकाने हीच अवस्था आहे. इथे अमेरिकेतले बरेच मराठी लोक वाचतात. तुमच्यापैकी अनेकांच्या गावात असं केंद्र असेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल, म्हणून हा धागा काढला.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. १९७० साली मॅनहॅटनमध्ये केबल टाकणाऱ्या कंपन्यांना परवाने देताना न्यूयॉर्क शहराने अट घातली की काही वाहिन्या नागरिकांसाठी मोकळ्या ठेवायच्या. त्या १९७१ मध्ये सुरू झाल्या. जो आधी येईल त्याला आधी वेळ, आणि मजकुराला कंपनीने कात्री लावायची नाही. त्याच सुमारास जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात अल्टरनेट मीडिया सेंटर काढलं आणि साध्या माणसांच्या हातात व्हिडिओ कॅमेरे द्यायला सुरुवात केली. एफसीसीने (अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार नियामकाने) १९७०च्या दशकात अशा वाहिन्यांची सक्तीच केली होती, पण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उडवून लावली. मग १९८४चा केबल कायदा आला. त्याने सक्ती आणली नाही, पण गावाला दोन गोष्टी मागायची मुभा दिली: नागरिक, शाळा आणि नगरप्रशासन यांच्यासाठी वाहिन्या, आणि केबल सेवेच्या ढोबळ उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत फ्रँचायझी फी.

ही फी म्हणजे भाडं आहे. रस्ता गावाचा, रस्त्याखालची जमीन गावाची. तिथे तार टाकून कंपनी धंदा करते, त्याचं भाडं. आमच्यासारखी केंद्रं मुख्यतः याच पैशावर चालतात.

घोळ कुठे झाला? तार आहे तिथेच आहे. तिच्यातून आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कमाई होते, पण ती इंटरनेटमधून. आणि २००२ मध्ये एफसीसीने केबलवरून येणारं इंटरनेट ही 'माहिती सेवा' आहे, 'केबल सेवा' नव्हे, असं ठरवलं. तेव्हापासून त्या उत्पन्नावर फ्रँचायझी फी लागत नाही. म्हणजे शेजारच्या घराने टीव्हीचं पॅकेज बंद करून त्याच कंपनीचं त्याच तारेवरचं इंटरनेट घेतलं आणि त्यावर सिनेमे पाहिले, की आमचा हिस्सा शून्य.

माझं मत सरळ आहे. भाडं तारेवर बसायला हवं, तारेतून काय वाहतं त्यावर नको. हे होत नाही तोवर आम्ही कितीही देणगी-मेळावे केले तरी पुरणार नाही.

चौकस

ताई, चांगला विषय. पण २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने (संसदेने) सार्वजनिक प्रसारणाचे पैसे काढून घेतले, त्याचा हा परिणाम का? आमच्या पीबीएस स्टेशननेही माणसं कमी केली.

खारीचा वाटा

नाही, तो वेगळा पैसा. काँग्रेसने सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले ते कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगचे. ती संस्था पीबीएस (सार्वजनिक टीव्ही) आणि एनपीआर (सार्वजनिक रेडिओ) यांच्या स्थानिक केंद्रांना पैसे द्यायची, आणि त्या निर्णयानंतर तिने गाशा गुंडाळायला घेतला. त्याचं मलाही वाईट वाटलं. पण पब्लिक ॲक्सेस केंद्रांचा पैसा त्या रस्त्याने येतच नव्हता. तो येतो गाव आणि केबल कंपनी यांच्यातल्या करारातून.

दोन्हींमधला फरकही मोठा आहे. पीबीएसवर कार्यक्रम व्यावसायिक लोक बनवतात. आमच्याकडे गावातला कोणीही येतो, कॅमेरा चालवायचं प्रशिक्षण घेतो, तिवई-माइक घरी घेऊन जातो आणि स्वतःचा कार्यक्रम लावतो. आमच्या वाहिनीवर निवृत्त शिक्षकाचा बागकामाचा कार्यक्रम असतो, हायतीहून आलेल्या लोकांचा क्रेओल भाषेतला असतो, आणि शाळा समितीची बैठक पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत असते. इथल्या मराठी शाळेच्या मुलांनी बसवलेलं नाटक आमच्याच कॅमेऱ्यांवर चित्रित झालं आणि संपादनही मुलांच्या आईवडिलांनीच स्टुडिओत बसून केलं.

हिशेबनीस

मी न्यू जर्सीत हिशेबाचं काम करतो, त्यामुळे आकड्यांकडे लक्ष गेलं. केबलची बिलं तर दर वर्षी वाढतात. मग पाच टक्क्यांची रक्कम पण वाढायला नको का? आणि लोक केबल सोडताहेत हे गेली दहा-बारा वर्षं चाललंय. इतक्या वर्षांत पर्यायी व्यवस्था का केली नाही?

खारीचा वाटा

दादा, नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. बिलं वाढत गेली म्हणूनच कित्येक वर्षं हे दुखणं दिसलं नाही. ग्राहक कमी होत होते, पण उरलेल्यांच्या बिलाने बेरीज जवळपास तिथेच राहायची. आता ग्राहक इतक्या वेगाने जातात की दरवाढीने ती तूट भरून निघत नाही.

समजा गावात टीव्हीचं पॅकेज घेणारी ४,००० घरं आहेत आणि टीव्हीचा महिन्याचा आकार सरासरी ८० डॉलर आहे. पाच टक्के म्हणजे घरामागे चार डॉलर, महिन्याला १६,०००, वर्षाला १,९२,०००. निम्मी घरं गेली की ९६,०००. पण निम्म्या पैशात निम्म्या बैठका दाखवून भागत नाही. कार्यक्रम वाहिनीवर सोडणारा प्लेआउट सर्व्हर चोवीस तास चालू लागतो, विमा पूर्ण भरावा लागतो, जागेचं भाडं तेवढंच राहतं.

आणखी एक अडचण आहे, ती हिशेबनिसाला लगेच कळेल. करारात फीखेरीज उपकरणांसाठी वेगळी रक्कम असू शकते. ती पाच टक्क्यांच्या मर्यादेत धरली जात नाही, पण खर्च करायची फक्त भांडवली कामावर: कॅमेरे, दिवे, सर्व्हर. पगाराला त्यातला एक डॉलर वापरता येत नाही. काही केंद्रांत नवेकोरे कॅमेरे कपाटात असतात आणि ते शिकवायला माणूस नसतो, त्याचं कारण हे.

मावळतीकर

लॉस एंजेलिसहून लिहितो. आमच्याकडची गोष्ट याहून वाईट आहे, कारण इथे कराराची सत्ताच गावाकडून काढून घेतली गेली. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये कायदा करून केबलचे परवाने राज्यपातळीवर द्यायला सुरुवात केली. फोन कंपन्यांना टीव्हीच्या धंद्यात उतरायचं होतं आणि गावोगाव वाटाघाटी करायच्या नव्हत्या. टेक्सासने हेच आदल्या वर्षी केलं होतं, नंतर बऱ्याच राज्यांनी केलं. पाच टक्के फी राहिली, पण कंपनीने स्टुडिओ चालवायचा ही जुन्या करारांतली जबाबदारी संपली. टाइम वॉर्नर या केबल कंपनीने शहरातले आपले सगळे पब्लिक ॲक्सेस स्टुडिओ २००८ संपताना बंद केले. एवढ्या मोठ्या शहरात, सिनेमाच्या राजधानीत, नागरिकाला जाऊन कार्यक्रम करता येईल असा स्टुडिओ उरला नाही. शहराच्या कामकाजाची वाहिनी राहिली, पण तिथे बोलतं ते नगरप्रशासन.

फीचे पैसे शहराला मिळतच राहिले. पण ते सर्वसाधारण तिजोरीत जातात आणि शहर ते कशावरही खर्च करू शकतं. दोष फक्त कंपन्यांना देऊन चालणार नाही.

खारीचा वाटा

मावळतीकर, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. बऱ्याच लोकांना वाटतं की पाच टक्के थेट केंद्राकडे येतात. कायदा तसं म्हणत नाही. फी गावाला मिळते. केंद्राला किती द्यायचे हे गाव ठरवतं. मॅसॅच्युसेट्समध्ये गावांना या पैशासाठी वेगळा निधी ठेवायची कायदेशीर सोय आहे, म्हणजे तो खड्डे बुजवण्यात वाहून जात नाही. पण ती तरतूद गावाने स्वतः ठराव करून स्वीकारावी लागते. तुमच्या गावाने स्वीकारली आहे का, हा टाउन मीटिंगमध्ये (गावसभेत) विचारायचा पहिला प्रश्न.

शेवंती

माफ करा, पण एक रोखठोक प्रश्न. आता यूट्यूब आहे. फोनवर कोणीही चित्रण करतं आणि फुकट चढवतं. गावाची बैठक झूमवर होते, तिचं रेकॉर्डिंग आपोआप मिळतं. १९७१ मध्ये कॅमेरा हातात मिळणं ही मोठी गोष्ट होती. आज एवढा खटाटोप कशासाठी?

खारीचा वाटा

शेवंती, हा प्रश्न आमच्या सिलेक्ट बोर्डातही (गावाच्या निवडून आलेल्या कार्यकारी मंडळात) विचारला जातो, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आमचे कार्यक्रम यूट्यूबवरही असतात. तिथे जाण्याला विरोध नाही. पण आमच्या खर्चाचा मोठा भाग प्रक्षेपणाचा नसतोच, तो माणसांचा असतो. मंगळवारी रात्री नियोजन मंडळाची बैठक साडेअकरापर्यंत लांबते, तेव्हा चार माइकांचे आवाज सांभाळत कोणीतरी बसलेलं असतं. नकाशा पडद्यावर आला की तो स्पष्ट दिसेल असं बघतं. दुसऱ्या दिवशी विषयवार खुणा घालून ठेवतं, म्हणजे ज्याला फक्त आपल्या गल्लीतल्या बांधकामाबद्दल ऐकायचंय त्याला चार तास पाहावे लागत नाहीत. ऐकू न येणाऱ्यांसाठी सबटायटल्स लागतात. झूमचं रेकॉर्डिंग आपोआप होतं हे खरं, पण ते शोधता येईल, ऐकू येईल आणि वीस वर्षांनी सापडेल असं आपोआप होत नाही.

आमच्या आसपास किती गावांत वर्तमानपत्र उरलंय? आमच्या गावात बातमीदार असा कोणी नाही. शाळेचं अंदाजपत्रक कोणी कसं मतदान करून मंजूर केलं याची एकमेव नोंद म्हणजे आमचं चित्रण.

जुन्या टेप्सचं मोलही सांगते. बर्नी सँडर्स व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचे महापौर असताना, १९८६ ते १९८८ मध्ये, तिथल्या ॲक्सेस वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम करत. रस्त्यावर उभे राहून लोकांना प्रश्न विचारत. ते अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा पत्रकारांना ही सगळी चित्रणं पाहायला मिळाली, कारण बर्लिंग्टनच्या केंद्राने ती जपून ठेवली होती. तेव्हा ते एका लहान शहराचे महापौर होते, ती चित्रणं दुसरं कोण जपणार होतं?

शेवंती

पटलं. विशेषतः वर्तमानपत्राचं. आमच्या गावचं साप्ताहिक बंद झालं, त्यानंतर गावात काय चाललंय ते फक्त फेसबुकच्या गटात कळतं, आणि तिथे निम्मं भांडण असतं. पण मग स्ट्रीमिंगवर कर लावा अशी मागणी चाललीये ती मला खटकते. आधीच पाच ठिकाणी वर्गणी भरतो. मी मुद्दाम केबल सोडली आणि आता मागच्या दाराने तेच पैसे?

हिशेबनीस

शेवंतीताईंशी मी सहमत आहे. स्ट्रीमिंग कंपनी गावात तार टाकत नाही. तिच्याकडून रस्त्याचं भाडं कुठल्या तत्त्वाने मागायचं? ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच म्हटलं ना? मेपल हाइट्स या गावाने नेटफ्लिक्स आणि हुलूवर दावा केला होता, न्यायालयाने गावाच्या विरोधात निकाल दिला.

खारीचा वाटा

तुमचा मुद्दा प्रामाणिक आहे आणि मलाही पहिली पसंती स्ट्रीमिंग कराला नाही. वर म्हटलं तसं, भाडं तारेवर हवं. पण तारेवर भाडं लावायचा प्रयत्न एका शहराने केला आणि त्याचं काय झालं ते वाचा, म्हणजे लोक स्ट्रीमिंगकडे का वळले ते कळेल.

ऑरेगनमधलं यूजीन. या शहराने आपले रस्ते वापरून दूरसंचार सेवा देणाऱ्यांवर सात टक्के परवाना शुल्क ठेवलं होतं आणि ते केबल कंपनीच्या इंटरनेट उत्पन्नालाही लागू आहे असं म्हटलं. तिथली केबल कंपनी कॉमकास्ट न्यायालयात गेली. इंटरनेट वापरावर कर लावायचा नाही असा १९९८चा केंद्रीय कायदा आहे, तो २०१६ मध्ये कायमचा झाला. तरी त्याच वर्षी ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने यूजीनच्या बाजूने निकाल दिला. गावोगावच्या लोकांना वाटलं, वाट सापडली.

मग २०१९ मध्ये एफसीसीने आदेश काढला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, केबल कंपनी आधीच फ्रँचायझी फी देत असेल तर तिच्या इंटरनेट सेवेवर गावाने वेगळं शुल्क लावायचं नाही. यूजीनची वाट बंद. दुसरी, कंपनी करारानुसार गावाला पैशाखेरीज ज्या सेवा देते त्यांची किंमत पाच टक्क्यांतून वजा करता येईल. गावं आणि ॲक्सेस संस्था मिळून न्यायालयात गेल्या. २०२१च्या मे महिन्यात सहाव्या सर्किट न्यायालयाने (केंद्रीय अपील न्यायालयाने) इंटरनेटचा भाग एफसीसीच्या बाजूने दिला. सेवांच्या बाबतीत थोडा दिलासा मिळाला: वजावट बाजारभावाने करायची नाही, कंपनीला प्रत्यक्ष जो जादा खर्च येतो तेवढीच करायची. त्या खटल्याचं नाव 'यूजीन शहर विरुद्ध एफसीसी'. आमच्या क्षेत्रात हे नाव प्रत्येकाला पाठ आहे.

तेव्हा आजच्या घडीला तारेवर भाडं लावायचा रस्ता केंद्र सरकारने अडवलाय. काँग्रेसने कायदा बदलला तरच तो उघडेल. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर मार्की यांनी २०१९च्या आदेशातला वजावटीचा भाग पुसणारं विधेयक आणलं होतं. फ्रँचायझी फी म्हणजे फक्त रोख पैसा, एवढीच व्याख्या करणारं. तेही पुढे गेलं नाही. म्हणून लोक राज्याकडे वळलेत.

राज्याला काय करता येतं याचं उदाहरण आमच्याकडे आहे. घरावर डिश लावून टीव्ही पाहणाऱ्यांवर गाव फी लावू शकत नाही, १९९६च्या दूरसंचार कायद्याने ती बंदी आहे. पण राज्याला बंदी नाही. मॅसॅच्युसेट्सने २००९ मध्ये उपग्रह टीव्हीवर पाच टक्के कर बसवला. डिश कंपन्या म्हणाल्या की आम्ही रस्ता खोदत नाही, हा भेदभाव आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कर वैध ठरवला. तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो, आम्हाला नाही. आता स्ट्रीमिंग कंपन्यांच्या राज्यातल्या उत्पन्नावर पाच टक्के आणि त्यातला हिस्सा समुदाय माध्यमांना, असं विधेयक इथे एकाहून जास्त अधिवेशनांत मांडलं गेलंय. तत्त्व म्हणून ते भाड्याइतकं स्वच्छ नाही, हे मी मान्य करते. पण केंद्रं बंद पडल्यावर स्वच्छ तत्त्वाचा उपयोग कोणाला?

राईनकाठ

मी जर्मनीत राहतो. इथे 'ओफेनर कानाल' म्हणजे खुल्या वाहिन्या १९८४ पासून आहेत, पहिली लुडविग्सहाफेनला सुरू झाली. अमेरिकेतल्या केंद्रांचंच प्रारूप होतं. पैशाची व्यवस्था मात्र निराळी केली. इथे प्रत्येक घर प्रसारण शुल्क भरतं, २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही असो वा नसो, केबल असो वा नसो. त्यातला दोन टक्क्यांहून थोडा कमी हिस्सा राज्यांच्या माध्यम प्राधिकरणांना जातो आणि त्यातून अनेक राज्यांत खुल्या वाहिन्यांना पैसे मिळतात.

त्यामुळे लोक केबल सोडतात म्हणून इथलं केंद्र बंद पडत नाही. पण राजकीय धोका आहेच. राज्य सरकारला वाटलं तर ते हात आखडता घेतं. काही राज्यांनी खुल्या वाहिन्या बंद केल्या. हॅम्बुर्गमध्ये जुनी खुली वाहिनी जाऊन तिच्या जागी प्रशिक्षणावर भर देणारी 'टाइड' आली. बर्लिनच्या वाहिनीने 'अलेक्स' हे नाव घेतलं. घरटी शुल्क हा मला सगळ्यात टिकाऊ मार्ग वाटतो, पण अमेरिकेत तो मंजूर होईल असं वाटत नाही.

टोरांटोवासी

कॅनडाचंही थोडक्यात सांगते. इथे स्थानिक वाहिनी केबल कंपनीच चालवते आणि तो खर्च तिच्या सक्तीच्या योगदानात धरला जातो. २०१६ मध्ये नियामकाने, म्हणजे सीआरटीसीने, मोठ्या शहरांतला हा पैसा खासगी वाहिन्यांच्या स्थानिक बातम्यांकडे वळवायची परवानगी दिली. पुढच्याच वर्षी शॉ कंपनीने कॅलगरी, एडमंटन आणि व्हँकुव्हरच्या समुदाय वाहिन्या बंद केल्या. बातम्या वाचवायच्या म्हणून सामान्य माणसाची वाहिनी गेली. दोन्ही गरजेच्या असताना एकाच ताटातलं काढून दुसऱ्याला वाढलं, याचा मला आजही राग येतो.

माणगंगा

मी सातारा जिल्ह्यातला. आपल्याकडे टीव्हीत नागरिकांसाठी राखीव जागा अशी कधी नव्हतीच. १९९५च्या केबल कायद्यात दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवायची सक्ती आहे, नागरिकांच्या वाहिनीची नाही. तालुक्याच्या गावात केबलवाल्याची लोकल वाहिनी असायची: विसर्जन मिरवणूक, यात्रा, कबड्डीचे सामने, वाढदिवसाच्या जाहिराती. लोक आवडीने बघायचे. पण ती केबलवाल्याची मालमत्ता. निवडणुकीत कोणाचं दाखवायचं हे तोच ठरवणार.

आपल्याकडे यासारखं काही असेल तर ते समुदाय रेडिओ. २००६ मध्ये सरकारने स्वयंसेवी संस्थांना परवानगी दिली. आमच्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं केंद्र आहे, माणदेशी तरंग वाहिनी. दुष्काळी भाग, चारा-पाण्याची माहिती, बायकांचे कार्यक्रम, शेळीपालन, गजीनृत्याची गाणी, सगळं आमच्याच बोलीत. देशातल्या अशा केंद्रांना पैशाचा प्रश्न तुमच्यासारखाच आहे. जाहिरातीची वेळ तासाला सात मिनिटं होती, ती २०२४ मध्ये बारा केली, आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ केला. जाहिराती मिळाल्या तर हे बरं. पण दुष्काळी तालुक्यात जाहिरात देणारा दुकानदार किती असणार? मागे भक्कम संस्था असेल तेच केंद्र टिकतं.

गुजरातच्या खेडा प्रकल्पाबद्दल इथल्या कोणाला माहीत असेल. १९७५ पासून इस्रोने पीज इथल्या लहान प्रक्षेपकावरून गावकऱ्यांना घेऊन, त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम केले: वेठबिगारी, मजुरी, अस्पृश्यता. मोठं काम होतं. तो प्रक्षेपक १९८०च्या दशकात बंद झाला, लोकांनी विरोध करूनही. पैसा आणि यंत्र दोन्ही सरकारी खात्याचं, तर बंद करायचा निर्णयही खात्याचाच. म्हणून मला ताईंचा 'भाडं' हा शब्द आवडला. भाडं हक्काने मागता येतं, अनुदानासाठी दारात उभं राहावं लागतं.

खारीचा वाटा

माणगंगा, खेडा प्रकल्पाची आठवण काढल्याबद्दल मनापासून आभार. आणि म्हसवडच्या केंद्राचे कार्यक्रम ऐकायला मिळत असतील तर जरूर दुवा द्या, आमच्या स्वयंसेवकांना ऐकवायचे आहेत.

चौकस

देणग्या, सभासद वर्गणी, लग्नाचं चित्रण वगैरे कामं घेऊन भागत नाही का? आमच्याकडे एक केंद्र उन्हाळ्यात मुलांची शिबिरं घेतं.

खारीचा वाटा

घेतो, आम्हीही घेतो. शिबिरं, शेजारच्या गावांच्या बैठकांचं कंत्राटी चित्रण, एखाद्या प्रतिष्ठानचं अनुदान. सगळं मिळून खर्चाचा लहान हिस्सा निघतो. अनुदान नव्या प्रकल्पाला मिळतं. रोजच्या दिव्या-बत्तीला कोणी देत नाही. आणि जितका वेळ पैशाच्या कामांत जातो तितका कार्यक्रम करू पाहणाऱ्या माणसाला कमी मिळतो. वर्गणी वाढवली की ज्याच्यासाठी हे सुरू झालं तोच बाहेर राहतो. व्हरमाँटमध्ये केंद्रांनी एकत्र येऊन राज्याच्या अर्थसंकल्पातून मदत मिळवली आहे, तो मार्ग आम्ही अभ्यासतोय. पण दर वर्षी नव्याने मागावी लागते.

एक वेगळी अडचण सांगते. आम्ही आहोत हेच लोकांना दिसत नाही. कंपनीच्या पडद्यावरच्या कार्यक्रमसूचीत आमच्या वाहिनीपुढे पुष्कळदा नुसतं 'स्थानिक कार्यक्रम' असं येतं, कार्यक्रमाचं नाव नाही. बऱ्याच गावांत बाकी सगळ्या वाहिन्या एचडीत आणि गावची वाहिनी जुन्या धूसर चित्रात. मिशिगनमध्ये २००८ साली कॉमकास्टने या वाहिन्या उचलून नऊशेच्या क्रमांकांत नेऊन ठेवायचं ठरवलं होतं. डिअरबॉर्न शहराने न्यायालयात जाऊन ते रोखलं. ज्या वाहिनीचं चित्र धूसर आणि क्रमांक सापडत नाही, तिच्यासाठी टाउन मीटिंगमध्ये हात कोण वर करणार?

मावळतीकर

आणि हात वर करणारे असले तर गोष्टी घडतात. फिलाडेल्फियात शहराने वाहिन्यांची तरतूद १९८०च्या दशकातच केली होती, पण केंद्र उभं राहायला २००९ उजाडलं. पंचवीस वर्षांहून जास्त काळ तिथले लोक मागे लागले होते. आज ते केंद्र, फिलीकॅम, चालू आहे. आमच्याकडचे स्टुडिओ बंद झाले त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांचं सुरू झालं.

हिशेबनीस

ताई, मी आमच्या गावाचा केबल करार शोधून वाचला. संपायला अजून साधारण तीन वर्षं आहेत. त्यात ॲक्सेस वाहिनी आहे, पण केंद्राचा उल्लेख नाही. फी सगळी सर्वसाधारण निधीत. आता काही करता येईल का? मला स्ट्रीमिंग कराबद्दल अजून शंका आहेत, पण गावाला हक्काचं जे मिळतं त्यातलं केंद्राला काहीच नाही हे बरोबर वाटत नाही.

खारीचा वाटा

दादा, वेळ अगदी योग्य आहे. नूतनीकरणाची औपचारिक प्रक्रिया करार संपण्याच्या छत्तिसाव्या ते तिसाव्या महिन्यात सुरू होते. तेव्हा गावाला आपल्या गरजा काय आहेत याची चौकशी करावी लागते. त्यासाठी जाहीर सुनावणी होते, लेखी निवेदनंही घेतली जातात. कंपनीच्या प्रस्तावात त्या गरजा भागतात का, हे पुढे तपासलं जातं. म्हणून जे त्या सुनावणीत नोंदलं गेलं नाही ते नंतर मागणं कठीण. बहुतेक ठिकाणी या सुनावणीला कंपनीचा प्रतिनिधी, गावचा वकील आणि दोन-चार माणसं असतात.

निवेदनात मोघम 'समुदायासाठी महत्त्वाचं' असं लिहू नका. किती बैठका आज दाखवल्या जात नाहीत, शाळेत व्हिडिओ शिकवायची सोय आहे का, गावात कोणत्या भाषा बोलल्या जातात, ज्येष्ठ नागरिक केंद्रात कोणती वाहिनी लागते, हे लिहा. वाहिनी एचडीत हवी आणि सूचीत कार्यक्रमाचं नाव दिसायला हवं, हेही मागा. पाच टक्क्यांतला किती भाग ॲक्सेसला जाईल ते मात्र कंपनीकडे नव्हे, गावाच्या कौन्सिलकडे मागायचं. ती लढाई करार कधीही संपत असला तरी दर वर्षीच्या अंदाजपत्रकात लढता येते.

मॅसॅच्युसेट्समधल्या वाचकांसाठी: राज्याच्या दूरसंचार आणि केबल विभागाच्या संकेतस्थळावर गाववार करार ठेवलेले आहेत. आपल्या गावाचं नाव शोधा आणि मुदत बघा.

शेवंती

आमच्या गावाचा सापडला. पुढच्या वसंतात संपतोय, म्हणजे सुनावणी होऊन गेली असणार. आता उशीर झाला का?

खारीचा वाटा

करारावर सही होईपर्यंत उशीर झाला असं समजू नका. बहुतेक गावं औपचारिक वेळापत्रकाच्या जोडीने कंपनीशी अनौपचारिक वाटाघाटी करतात आणि मसुदा शेवटच्या महिन्यांत बदलतो. सिलेक्ट बोर्डाच्या कार्यालयाला फोन करून मसुदा कुठवर आलाय आणि त्यावर नागरिकांना बोलायची बैठक कधी आहे ते विचारा. तुमचा मसुदा मिळाला तर ॲक्सेसचं कलम इथे टाका, आमच्या कराराशी ताडून बघू.